उंदरांवरील मधुमेह संशोधन: सामायिक प्रयोगशाळांत काय तपासतात आणि रुग्णांनी त्याचा अर्थ कसा लावावा?

थोडक्यात

• मधुमेहाच्या बहुतेक नव्या औषधांची माणसांआधी उंदरांवर तपासणी होते. पण उंदरात यशस्वी ठरलेले प्रत्येक औषध माणसात चालत नाही. बरीचशी औषधे पुढच्या टप्प्यांत गळतात.
• उंदरांमधील साखर, इन्शुलिन, चरबी आणि ऊर्जेचा खर्च मोजणे अवघड व खर्चिक काम आहे. त्यामुळे काही ठिकाणी अनेक संशोधकांना मिळून वापरता येतील अशा सामायिक प्रयोगशाळा उभ्या केल्या आहेत.
• "उंदरांमध्ये मधुमेह बरा झाला" ही बातमी म्हणजे संशोधनाची सुरुवात असते. ती वाचून इन्शुलिन किंवा गोळ्या बंद करू नयेत.

मधुमेह बरा झाल्याची बातमी महिन्यातून एकदा तरी मोबाइलवर येऊन पडते. ती वाचून रुग्ण किंवा त्यांची मुले दवाखान्यात विचारतात, "डॉक्टर, हे औषध आपल्याकडे कधी येणार?" बातमी नीट वाचली तर तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात कुठेतरी लिहिलेले असते की हा प्रयोग उंदरांवर झाला आहे. अशा प्रयोगांकडे साफ दुर्लक्ष करणे चुकीचे आणि त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणेही चुकीचे. हे प्रयोग कसे होतात, ते कोण तपासते आणि त्यातून रुग्णांपर्यंत आजवर काय पोहोचले, हे माहीत असले की बातमीचे खरे वजन कळते.

मधुमेहाच्या अभ्यासासाठी उंदीरच का?

सुरुवात उंदरांपासून झाली नव्हती. १८८९ मध्ये जर्मनीत मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. मधुमेहाचा संबंध स्वादुपिंडाशी आहे, हे त्यातून समजले. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे बॅंटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच इन्शुलिनचा प्रयोग केला आणि जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाला ते टोचले गेले. इन्शुलिन मिळालेला तो पहिला रुग्ण.

पुढे उंदीर जास्त वापरात आले, त्याची कारणे व्यवहारी आहेत. उंदीर लहान असतो, लवकर वाढतो आणि साधारण दोन वर्षे जगतो. माणसात जो बदल दिसायला दहा-वीस वर्षे लागतात, तो उंदरात काही महिन्यांत पाहता येतो. एकाच जातीच्या सगळ्या उंदरांची जनुके जवळजवळ सारखी ठेवता येतात. एखादे जनुक बंद करून काय होते, तेही पाहता येते. शिवाय अन्नातील साखर पेशींपर्यंत पोहोचवणे, जास्तीची ऊर्जा चरबीच्या रूपात साठवणे आणि इन्शुलिनने हे सगळे आवरणे, ही मूळ यंत्रणा उंदरात आणि माणसात बरीच सारखी आहे. या साऱ्या कारभारालाच चयापचय म्हणतात.

मधुमेही उंदीर कुठून येतात?

"मधुमेही उंदीर" असा एकच प्रकार नसतो. बातमीतला उंदीर कोणत्या प्रकारचा होता, यावर त्या संशोधनाचा तुमच्या आजाराशी संबंध आहे की नाही हे ठरते.

१. औषध देऊन मधुमेह केलेले उंदीर: स्ट्रेप्टोझोटोसिन किंवा अलॉक्सन ही रसायने इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करतात. काही दिवसांतच साखर वाढते. ही पद्धत स्वस्त आणि झटपट आहे, म्हणून खूप वापरली जाते. पण यात पेशी विषामुळे मरतात. टाइप २ मधुमेहात वर्षानुवर्षे जे घडते, ते हे नव्हे.

२. जनुकातील दोषामुळे लठ्ठ झालेले उंदीर: १९४९ मध्ये अमेरिकेतील मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीत काही उंदीर बेसुमार खाऊन प्रचंड लठ्ठ होताना आढळले. त्यांना "ओबी" उंदीर म्हणतात. १९६०च्या दशकात तिथेच "डीबी" हे लठ्ठ आणि तीव्र मधुमेह असलेले उंदीर मिळाले.

३. तेलकट आहारावर वाढवलेले उंदीर: निरोगी उंदरांना असा आहार दिला जातो, ज्यात एकूण उष्मांकांपैकी ४५ ते ६० टक्के चरबीतून येतात. काही आठवड्यांत ते लठ्ठ होतात आणि त्यांच्या शरीरावर इन्शुलिनचा परिणाम कमी होऊ लागतो. टाइप २ मधुमेहाच्या सुरुवातीच्या अवस्थेशी हे सर्वांत जुळते. मात्र या उंदरांची साखर सहसा फार वाढत नाही.

४. आपोआप टाइप १ मधुमेह होणारे उंदीर: १९८०च्या सुमारास जपानमध्ये "एनओडी" ही जात तयार झाली. या उंदरांची रोगप्रतिकारशक्तीच त्यांच्या बीटा पेशींवर हल्ला करते. टाइप १ मधुमेहात माणसातही हेच घडते.

सामायिक प्रयोगशाळा म्हणजे काय?

आपल्याकडे प्रत्येक डॉक्टर स्वतःच्या दवाखान्यात थायरॉइडची किंवा एचबीए१सीची तपासणी करत नाही. रक्ताचा नमुना पॅथॉलॉजी लॅबमध्ये जातो. तिथे महागडी यंत्रे आणि तीच तपासणी रोज करणारी माणसे असतात, यंत्रांची अचूकताही वेळोवेळी पाहिली जाते. म्हणूनच एका गावातला रिपोर्ट दुसऱ्या गावातल्या डॉक्टरलाही कळतो आणि पटतो.

उंदरांच्या संशोधनातही हीच गरज पडली. १९९०च्या दशकात जनुके बदललेले उंदीर मोठ्या संख्येने तयार होऊ लागले. उंदीर तयार करणारे शास्त्रज्ञ जनुकांच्या कामात तरबेज होते, पण त्या उंदराचे चयापचय नेमके कुठे बिघडले आहे हे मोजण्याची साधने आणि हात प्रत्येकाकडे नव्हते. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मधुमेह व पचनसंस्थेच्या आजारांचा विभाग पुढे आला आणि २००१ मध्ये त्याने "माऊस मेटाबॉलिक फिनोटायपिंग सेंटर्स" हा कार्यक्रम सुरू केला. फिनोटायपिंग म्हणजे प्राण्याच्या शरीरात प्रत्यक्ष काय दिसते आणि काय घडते, याची पद्धतशीर नोंद. व्हॅंडरबिल्ट, येल, सिनसिनाटी, कॅलिफोर्नियातील डेव्हिस आणि मॅसॅच्युसेट्स या विद्यापीठांतील केंद्रे वेगवेगळ्या काळात या कार्यक्रमात होती.

या केंद्रांचे काम असे चालते. कुठल्याही विद्यापीठातला संशोधक आपले उंदीर, किंवा त्यांच्या रक्ताचे आणि अवयवांचे गोठवलेले नमुने, केंद्राकडे पाठवतो. तपासणीप्रमाणे ठरलेली फी भरतो. केंद्रातले तज्ज्ञ कोणती तपासणी करावी याचा सल्ला देतात, ती करतात आणि आकडे परत पाठवतात. तरुण संशोधकांना हात बसावा म्हणून प्रशिक्षणवर्गही घेतले जातात. तपासणी कशी करावी आणि अहवालात काय लिहावे याच्या शिफारशी या केंद्रांतील तज्ज्ञांनी २०१० मध्ये एकत्र प्रसिद्ध केल्या.

यात रुग्णाच्या फायद्याची गोष्ट म्हणजे, तपासणारा आणि औषध शोधणारा हे वेगळे असतात. आपले औषध चालावे अशी शोधणाऱ्याची इच्छा असणे स्वाभाविक आहे. केंद्रातल्या तंत्रज्ञाला मात्र तो उंदीर औषध मिळालेला की न मिळालेला, हे सांगण्याचीही गरज नसते.

तिथे कोणत्या तपासण्या होतात?

यातल्या काही तपासण्या तुमच्याही ओळखीच्या आहेत. मोठी अडचण उंदराच्या आकाराची. साधारण २५ ग्रॅम वजनाच्या उंदराच्या अंगात एकूण रक्त दोन मिलिलिटरच्याही आत असते. तुमची साखर तपासायला एका नळीत जेवढे रक्त घेतात, तेवढे त्याच्या अंगातही नसते. त्यामुळे प्रत्येक तपासणी एका थेंबात बसवावी लागते.

ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट: गरोदरपणात ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी साखर पाहतात, तशीच ही तपासणी. उंदराला काही तास उपाशी ठेवून वजनाप्रमाणे ग्लुकोज देतात आणि शेपटीच्या टोकातून थेंबभर रक्त घेत दोन तास साखर मोजतात. साखर किती वर गेली आणि किती वेळात खाली आली, हे कळते. ती का वर राहिली, हे मात्र या तपासणीतून कळत नाही. इन्शुलिन कमी बनते, की बनलेल्या इन्शुलिनला शरीर दाद देत नाही, हा प्रश्न उरतोच.

क्लॅम्प तपासणी: त्या प्रश्नाचे उत्तर देणारी ही सर्वांत भरवशाची तपासणी. उंदराच्या रक्तवाहिन्यांत केसासारख्या बारीक नळ्या बसवतात आणि त्याला सावरायला काही दिवस देतात. मग एका नळीतून ठरावीक इन्शुलिन सोडतात आणि साखर खाली जाऊ नये म्हणून दुसऱ्या नळीतून ग्लुकोज देत राहतात. साखर एकाच पातळीवर धरून ठेवायला जितके जास्त ग्लुकोज लागेल, तितके त्या शरीरात इन्शुलिन चांगले काम करते आहे. सोबत खूण केलेले ग्लुकोज दिले, तर दोष यकृतात आहे, स्नायूंत आहे की चरबीत, हेही कळते. माणसांसाठी ही पद्धत १९७९ मध्ये डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी मांडली. पंचवीस ग्रॅमच्या जिवावर ती करायला फार सरावलेला हात लागतो. सामायिक केंद्रांची गरज सर्वांत जास्त भासते ती इथे.

ऊर्जेचा हिशेब: उंदराला बंद पिंजऱ्यात ठेवून तो किती प्राणवायू घेतो, किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, किती खातो आणि किती हिंडतो, हे रात्रंदिवस मोजले जाते. सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि घेतलेला प्राणवायू यांचे प्रमाण ०.७ च्या जवळ असेल, तर शरीर मुख्यतः चरबी जाळते आहे. ते १ च्या जवळ असेल, तर पिष्टमय पदार्थ. वजन कमी करणारे औषध भूक कमी करते की ऊर्जेचा खर्च वाढवते, याचे उत्तर इथे मिळते.

शरीरातील चरबी: नुसते वजन पुरेसे नसते. चुंबकीय यंत्राने काही मिनिटांत, भूल न देता, उंदराच्या अंगात चरबी किती आणि स्नायू किती हे मोजता येते. वजन घटले, पण ते स्नायू झिजून घटले, तर ते औषध चांगले म्हणता येत नाही.

एकसारख्या पद्धतीला इतके महत्त्व का?

कारण उंदराचे आकडे लहानसहान गोष्टींनी बदलतात.

• उपास: उंदीर मुख्यतः रात्री खातो. त्याला रात्रभर उपाशी ठेवले, तर त्याचे वजन दहा टक्के किंवा त्याहूनही जास्त घटू शकते. आपल्या रात्रीच्या उपासाशी त्याची तुलना होत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी पाच-सहा तासांचाच उपास ठेवतात.
• तापमान: उंदराला सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमान सुखाचे वाटते. प्रयोगशाळा माणसांच्या सोयीने २२ अंशांच्या आसपास ठेवलेली असते. त्यामुळे उंदराची बरीच ऊर्जा अंग गरम ठेवण्यात जाते. चरबी जाळणाऱ्या औषधाचा परिणाम यामुळे फुगून दिसू शकतो.
• भीती: अनोळखी हाताने पकडले की उंदराची साखर वाढते.
• नर की मादी: तेलकट आहाराने नर लवकर बिघडतात. एनओडी जातीत मात्र माद्यांना मधुमेह जास्त होतो. फक्त नरांवर केलेल्या प्रयोगातून बायकांविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

पुन्हा तपासून पाहण्याचे महत्त्व एका घटनेतून चांगले समजते. २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एका प्रयोगशाळेने "बीटाट्रॉफिन" हे संप्रेरक उंदरांत बीटा पेशींची संख्या झपाट्याने वाढवते, असे जाहीर केले. जगभर बातम्या आल्या आणि इन्शुलिनच्या इंजेक्शनांना पर्याय मिळाल्याची चर्चा सुरू झाली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने हे संप्रेरक तयार करणारे जनुकच नसलेले उंदीर तपासले. त्यांच्या बीटा पेशी व्यवस्थित वाढत होत्या. त्यानंतर मूळ प्रयोगशाळेने स्वतःच पुन्हा प्रयोग केले आणि पहिला निष्कर्ष टिकत नाही असे दिसल्यावर २०१६ च्या अखेरीस तो शोधनिबंध मागे घेतला. आधीची बातमी वाचलेल्या किती रुग्णांपर्यंत ही नंतरची बातमी पोहोचली असेल?

उंदरांकडून रुग्णांपर्यंत काय पोहोचले?

लेप्टिन: ओबी उंदरांना पोट भरल्याचे का कळत नाही, याचे उत्तर १९९४ मध्ये न्यूयॉर्कमधील जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधले. चरबीतून निघणारे लेप्टिन हे संप्रेरक त्या उंदरांत नव्हते. पुढे हाच जन्मजात दोष असलेली, अखंड भुकेली आणि अतिलठ्ठ मुले सापडली आणि लेप्टिनने त्यांचे वजन घटले. शरीरात चरबीच न साठणाऱ्या लायपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आजारासाठी अमेरिकेत २०१४ मध्ये लेप्टिनसारख्या औषधाला परवानगी मिळाली. पण नेहमीच्या लठ्ठपणात ते उपयोगी पडले नाही, कारण लठ्ठ माणसांत लेप्टिन मुळातच भरपूर असते.

लघवीतून साखर बाहेर टाकणारी औषधे: सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन हा पदार्थ मिळाला होता. १९८७ मध्ये मधुमेही उंदरांना तो दिल्यावर साखर लघवीवाटे गेली, आणि साखर उतरल्याबरोबर इन्शुलिनचा परिणामही सुधारला. वाढलेली साखर स्वतःच शरीराचे नुकसान करते, हे यातून पक्के झाले. फ्लोरिझिन पोटात नीट शोषले जात नाही, म्हणून त्यापासून सुधारित औषधे तयार झाली. आज अनेक रुग्ण घेतात त्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन याच गटातल्या.

टेप्लिझुमॅब: एनओडी उंदरांत रोगप्रतिकारशक्तीचा हल्ला थोपवता येतो, हे १९९०च्या दशकात दिसले. त्यातूनच आलेले हे औषध टाइप १ मधुमेह होण्याच्या बेतात असलेल्या व्यक्तींना दिल्यावर आजार सरासरी दोन वर्षांनी लांबला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. उंदरापासून रुग्णापर्यंत यायला जवळपास तीन दशके लागली, आणि तरीही हे औषध आजार लांबवते, कायमचा टाळत नाही.

धोक्याच्या सूचना: लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड या गटातील औषधांनी उंदरांत थायरॉइडच्या विशिष्ट पेशींच्या गाठी झाल्या. उंदरांच्या त्या पेशींवर या औषधाचा परिणाम माणसांपेक्षा खूप जास्त होतो. माणसांत असा धोका सिद्ध झालेला नाही. तरीही तुम्हाला किंवा घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल, तर हे औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर सांगा.

आणि काय पोहोचले नाही?

एनओडी उंदरांत मधुमेह टाळणारे शंभराहून अधिक उपाय नोंदले गेले आहेत. माणसांत त्यांपैकी फार थोडे टिकले. त्याला कारणे आहेत. उंदरांवर उपचार बहुतेक वेळा आजार दिसण्याआधीच सुरू होतात. रुग्ण मात्र आपल्याकडे येतो, तोवर त्याच्या बऱ्याच बीटा पेशी गेलेल्या असतात. कोवळ्या वयाच्या उंदरांच्या बीटा पेशी सहज वाढतात, प्रौढ माणसाच्या जवळजवळ वाढत नाहीत. सगळे उंदीर एकाच जातीचे, एकाच आहारावर आणि एकाच वयाचे असतात. आपल्या वॉर्डात शेजारीशेजारी झोपलेले दोन रुग्णही इतके सारखे नसतात.

भारतात काय चालते?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत प्रयोगशाळेतील प्राण्यांचे राष्ट्रीय केंद्र आहे. तिथून देशातील संशोधकांना प्राणी पुरवले जातात. आपोआप लठ्ठ होणाऱ्या उंदरांच्या भारतीय जातीही याच संस्थेत तयार झाल्या. त्यातल्या एका जातीत लठ्ठपणासोबत साखरही बिघडते.

पुण्याशी जोडलेले एक काम आपल्याला अधिक जवळचे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून ग्रामीण भागातील माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आहेत. आपली बाळे वजनाने कमी भरतात, पण त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त असते, हे त्यांनी दाखवले. याच प्रश्नावर पुण्यातील आणि सिडनीतील संशोधकांचा एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उंदरांना ५० पिढ्या अपुऱ्या आहारावर वाढवले होते. हे उंदीर लहान चणीचे, पण जास्त चरबीचे होते, त्यांच्यात इन्शुलिन वाढलेले होते आणि बी १२ जीवनसत्त्व कमी होते. नंतर दोन पिढ्या पोटभर चांगले अन्न दिले, तरी बिघाड पूर्ण सुधारला नाही.

यातून लगेच औषध निघाले नाही. पण "आमच्या घरात कुणी जाड नाही, तरी मधुमेह कसा?" या नेहमीच्या प्रश्नाचे थोडे उत्तर इथे मिळते. गरोदरपणातील आहार आणि बी १२ यांकडे लक्ष देण्याला त्यामुळे आणखी एक कारण मिळाले.

प्राण्यांच्या त्रासाचे काय?

अनेक रुग्ण हा प्रश्न विचारतात आणि तो योग्यच आहे. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली एक राष्ट्रीय समिती प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवते. संस्थेला नोंदणी करावी लागते आणि प्रत्येक प्रयोगाला आधी नैतिकता समितीची परवानगी लागते. प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग असेल तर तो वापरा, कमीत कमी प्राणी वापरा आणि त्यांचा त्रास कमीत कमी ठेवा, ही तीन तत्त्वे जगभर मानली जातात. सामायिक प्रयोगशाळांचा इथेही फायदा होतो. तपासणी पहिल्याच वेळी नीट झाली, तर तोच प्रयोग पुन्हा करून आणखी प्राणी खर्ची घालावे लागत नाहीत.

बातमी वाचताना स्वतःला विचारा

१. प्रयोग कोणावर झाला? पेशींवर, उंदरांवर की माणसांवर?
२. उंदीर कोणत्या प्रकारचे होते? तुमचा मधुमेह टाइप २ असेल आणि उंदीर एनओडी जातीचे असतील, तर त्या बातमीचा तुमच्याशी फारसा संबंध नाही.
३. आजार होण्याआधी उपचार केला की नंतर?
४. दुसऱ्या प्रयोगशाळेनेही तेच पाहिले का?
५. माणसांवर चाचणी सुरू आहे का? भारतातील चाचण्यांची नोंद "क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया" या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही मोफत पाहता येते.
६. बातमीच्या शेवटी काही विकत घ्यायला सांगितले आहे का?

"संशोधनाने सिद्ध" चूर्णांबद्दल

जांभळाच्या बिया, कारले, मेथी, गुडमार यांच्या अर्काने उंदरांची साखर कमी झाल्याचे अनेक निबंध आहेत आणि चूर्णाच्या डब्यांवर त्यांचाच हवाला दिलेला असतो. यातले बरेच प्रयोग स्ट्रेप्टोझोटोसिन किंवा अलॉक्सन दिलेल्या उंदरांवर, काही आठवड्यांपुरते झालेले असतात. अर्काचे प्रमाणही मोठे असते. औषधाचा डोस उंदरावरून माणसावर आणताना दर किलोमागचा आकडा नुसता वजनाने गुणत नाहीत. लहान उंदरासाठी तो साधारण १२ ने भागावा लागतो. हा हिशेब डब्यावर सहसा नसतो.

मेथी किंवा कारले जेवणात जरूर खा. पण ते औषधाऐवजी घेऊ नका. चालू औषधांसोबत अर्क किंवा चूर्ण घेतले, तर साखर अचानक खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना सांगूनच घ्या. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला भारतात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हेही लक्षात ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उंदरात चाललेले औषध माणसापर्यंत यायला किती वेळ लागतो?
बहुतेक वेळा दहा वर्षे किंवा त्याहून जास्त. आधी सुरक्षितता, मग थोड्या रुग्णांत परिणाम, मग मोठ्या संख्येने रुग्णांत तुलना, असे टप्पे असतात.

अशा चाचणीत आम्हाला भाग घेता येईल का?
माणसांवरील नोंदणीकृत चाचणी सुरू असेल आणि तुम्ही तिच्या निकषांत बसत असाल, तर हो. लेखी संमतिपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत मागा आणि ते घरी नेऊन वाचा. चाचणीतील औषधासाठी पैसे मागितले, तर सावध व्हा.

मग उंदरांवरच्या बातम्या वाचूच नयेत का?
जरूर वाचा. आणखी पंधरा-वीस वर्षांनी काय उपलब्ध होऊ शकते, याचा अंदाज त्यातून येतो. आजच्या औषधाचा निर्णय मात्र तुमची साखर, एचबीए१सी, मूत्रपिंड आणि हृदय पाहून घ्यायचा असतो.

डॉक्टरांना लगेच केव्हा दाखवावे?

टाइप १ मधुमेह असलेल्या व्यक्तीने कुठल्याही कारणाने इन्शुलिन थांबवले असेल, तर वाट पाहू नका. खूप तहान, वारंवार लघवी, उलट्या, पोटदुखी, धाप लागल्यासारखा खोल श्वास, तोंडाला फळासारखा वास किंवा गुंगी ही कीटोॲसिडोसिसची लक्षणे आहेत. यात काही तासांत जिवाला धोका होऊ शकतो. रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत साखर फार वाढलेली नसतानाही हा त्रास होऊ शकतो. म्हणून त्या गोळ्या चालू असल्याचे तिथल्या डॉक्टरांना सांगा.

टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांनी एखाद्या बातमीवरून किंवा चूर्णावर विसंबून गोळ्या बंद केल्या असतील, तर त्याच आठवड्यात उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर तपासून डॉक्टरांना भेटा आणि काय बंद केले होते ते मोकळेपणाने सांगा. नवीन संशोधनाबद्दल काही वाचले असेल, तर ते कात्रण किंवा मोबाइलवरची बातमी पुढच्या भेटीत सोबत आणा आणि औषधात बदल करण्यापूर्वी दाखवा.

ही माहिती सर्वसाधारण आरोग्यशिक्षणासाठी आहे. ती तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही.